मी, तिळ्या आणि युरिक अ‍ॅसिड

आमच्या घरात युरिक अ‍ॅसिडचे रोगी दोन. एक मी आणि दुसरा आमचा कुत्रा. ही गोष्ट मी काही अभिमानाने सांगत नाही. पण चारचौघांत बायकोने सांगण्यापेक्षा आपणच सांगून मोकळे झालेले बरे, एवढाच त्यातला शहाणपणा. शिवाय या गोष्टीत माझ्या हातून एक अपराध घडला आहे. तो कुत्र्यापुढे कबूल करून उपयोग नाही, कारण त्याला मराठी समजत असले तरी बोलता येत नाही. तेव्हा तो वाचकांपुढेच कबूल करतो.

तिळ्या आमच्याकडे आला तो २०१७ सालच्या संक्रांतीला. कन्येने वर्षभर हट्ट धरला होता आणि आईने वर्षभर नकार धरला होता. शेवटी मी मधला मार्ग म्हणून कन्येच्या बाजूने मत दिले! दोन महिन्यांचे डाल्मेशियन पिल्लू टॉवेलात गुंडाळून आम्ही पार्ल्याच्या तिसऱ्या मजल्यावर आणले. पांढरेशुभ्र अंग आणि त्यावर काळे तीळ पेरलेले. या जातीची पिल्ले जन्मतात तेव्हा अगदी पांढरी असतात आणि ठिपके पुढे दहा-पंधरा दिवसांनी उमटू लागतात, हे मला तेव्हाच कळले. आई तिळाच्या वड्या थापत होती. तिने मान वर करून पाहिले आणि म्हणाली, "हे कुठलं तिळ्या आणलंत?" झाले, बारसे झाले. पुस्तकातून काढून ठेवलेली सगळी इंग्रजी नावे वाया गेली.

आमचे घर शाकाहारी. तेव्हा आईने ठरवले की तिळ्याने दहीभात खायचा. आणि आश्चर्य म्हणजे तिळ्यानेही तेच ठरवले. चार-सहा महिने तो ताकभातावर आणि दूध-पोळीवर टुणटुणीत वाढला. पण मला ते बरे दिसेना. सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींत आमच्यापैकी ज्यांनी कधी कुत्रा पाळला नाही, अशांना कुत्र्यांविषयी सर्वांत जास्त माहिती होती. त्यातले एक गृहस्थ मला म्हणाले, "अहो, विलायती जातीचा कुत्रा आणि दहीभात! याला कलेजी पाहिजे. बघा मग अंगावर कशी चमक येते ती."

चमक या शब्दाला मी भुललो. नाक्यावरच्या खाटकाकडून मी रोज पाव किलो कलेजी आणू लागलो. वॉचमनच्या शेगडीवर ती उकडायची, जिन्याखाली तिळ्याला खाऊ घालायची, आणि डबा धुऊन वर यायचे, असा माझा गुप्त संसार सुरू झाला. कोळीवाड्याजवळ राहणारा चिरंजीवांचा एक मित्र अधूनमधून सुकट आणून द्यायचा. हिला सगळे ठाऊक होते. फक्त "आज कुठल्या ऑफिसातून आलात? वास येतोय," एवढेच ती म्हणायची. तिळ्या मात्र मला पाहिले की शेपटीने सगळा जिना झाडून काढी. घरात आपल्यावर एवढे प्रेम करणारे दुसरे कोणी नाही, याची मला खात्री पटली होती. प्रेमाची किंमत पाव किलोने मोजता येते, हे तेव्हा लक्षात आले नाही.

२०१८ सालच्या दसऱ्यानंतर तिळ्याचे फिरणे लांबू लागले. पूर्वी चार खांबांवर भागायचे, ते आता चौदा खांबांवर गेले. प्रत्येक ठिकाणी पाय वर करून तो बराच वेळ उभा राही. मी वाट पाहायचो आणि मनात म्हणायचो, वयात आला बेटा, हद्द आखतोय! किती वेळ उभा राहतो हे मी पाहिले. त्यातून काय बाहेर पडते हे पाहिले नाही. मग घरातही थेंब सांडू लागले. कधी पायपुसण्यावर, कधी दिवाणाच्या कोपऱ्याशी. दिवाळी जवळ आली होती आणि सोसायटीतल्या पोरांनी लवंगी माळा लावायला सुरुवात केली होती. आम्ही सर्वांनी एकमताने निदान केले की तिळ्या फटाक्यांना भ्यायला. आमच्या घरात कधी नव्हे ते एकमत झाले, आणि तेही चुकीच्या गोष्टीवर.

एक माणूस मात्र वेगळे बोलत होते. आमच्याकडे लादी पुसायला येणाऱ्या मावशी धनत्रयोदशीच्या सकाळी मला म्हणाल्या, "साहेब, फडक्याला लालसर लागतंय बघा." मी वर्तमानपत्र वाचत होतो. मी म्हणालो, "रांगोळीचा रंग असेल." आणि पान उलटले.

त्याच संध्याकाळी हिने दाराशी रांगोळी घातली होती. पणत्या लावायच्या वेळेला तिळ्या आला, रांगोळीच्या मधोमध मागचे पाय फाकून उभा राहिला आणि कण्हत कण्हत चार थेंब टाकले. पाहुणे जिना चढत होते. मला संताप आवरला नाही. हातातल्या वर्तमानपत्राची गुंडाळी करून मी त्याला दोनदा मारले. जोरात नव्हे, असे मी स्वतःला नंतर पुष्कळ वेळा सांगितले आहे. तो पळाला नाही. त्याने माझ्याकडे पाहिले, दोन पावले बाजूला सरकला आणि पुन्हा तसेच पाय फाकून उभा राहिला. मला तो उद्धटपणा वाटला.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे ६ नोव्हेंबरला, नरकचतुर्दशी. पहाटे उटणे, अभ्यंगस्नान, कारीट फोडणे, सगळे यथासांग झाले. फराळाची ताटे मांडली तरी तिळ्या आला नाही. तो मोरीच्या दाराशी पडून होता. कन्येने चकलीचा तुकडा नाकाशी धरला. त्याने मान फिरवली आणि थोड्या वेळाने ओकला. मावशी सणाचा फराळ न्यायला आल्या होत्या. त्यांनी एक फडके घेतले, तिळ्याच्या खालची लादी पुसली आणि काही न बोलता ते माझ्यापुढे धरले. त्यावर गुलाबी डाग होता. मोरीच्या दाराशी रांगोळी नव्हती.

सणाच्या दिवशी उघडा दवाखाना शोधायला तास गेला. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी फोन उचलला. परळला १८८६ साली निघालेले पशुवैद्यकाचे जुने कॉलेज आहे, तिथल्या त्या पदवीधर. त्यांनी नाव-गाव विचारले नाही, जात विचारली नाही. एकच प्रश्न विचारला. "शेवटची मोकळी धार कधी झाली?"

आम्ही चौघे एकमेकांकडे पाहू लागलो. "अहो, तो तर सारखाच करतोय," मी म्हणालो.

"सारखा प्रयत्न करतोय," त्या म्हणाल्या. "होत नाही म्हणून करतोय. आहात तसे या."

टेबलावर त्यांनी तिळ्याच्या पोटावर हात ठेवला आणि माझा हात धरून तिथेच टेकवला. आत मोसंबीएवढा टणक गोळा लागला. ते त्याचे मूत्राशय होते. तुंबलेले मूत्र मागे मूत्रपिंडांवर दाब आणते, रक्तात विष साठते, पोटॅशियम वाढते आणि हृदय थांबू शकते. पूर्ण अडले तर काही दिवसांतच कुत्रा दगावतो, कधी मूत्राशयच फुटते. हे सगळे त्या हाताने काम करता करता सांगत होत्या. बारीक नळी आत सरकवली, ती थोडी गेली आणि अडली. "इथेच अडणार," त्या म्हणाल्या. "नर कुत्र्याच्या इंद्रियात एक हाड असतं. मूत्रनलिका त्या हाडाच्या पन्हळीतून जाते. तिथे तिला फुगायला जागा नाही. मूत्राशयातून निघालेला खडा तिथपर्यंत येतो आणि बूच बसल्यासारखा बसतो. मादीची वाट रुंद आणि आखूड, तिचे खडे बहुधा निघून जातात."

मग त्यांनी रक्त तपासायला घेतले, सलाइन लावले, गुंगीचे औषध दिले आणि आम्हाला बाहेर बसवले. नळीतून खारे पाणी जोराने सोडून अडलेला खडा उलटा मूत्राशयात ढकलायचा होता.

बाहेरच्या बाकावर एक पेन्शनीतले मास्तर बसले होते. त्यांच्या पायाशी पिवळसर लॅब्रॅडोर कुत्री, वय दीड वर्ष. ती चांगली शेपटी हलवत होती. मला वाटले, लस टोचायला आणली असेल.

"रक्त जातंय हिच्या लघवीतून," मास्तर म्हणाले. "महिना झाला. दुखत नाही, खुपत नाही. खाते, खेळते. पण लघवी पाहिली तर जास्वंदीच्या पाण्यासारखी."

मी अपराधी माणसाच्या उत्सुकतेने त्यांना सगळे विचारले. मास्तर मुळात शास्त्र शिकवणारे. त्यांनी एक वही ठेवली होती. लघवीच्या सुरुवातीलाच रक्त दिसले तर बहुधा खालच्या वाटेतले, शेवटी दिसले तर मूत्राशयातले, आणि सुरुवातीपासून अखेरपर्यंत एकसारखी लाल असली तर वर मूत्रपिंडापर्यंत शोध घ्यायचा, असे डॉक्टरीणबाईंनी त्यांना सांगितले होते. प्रथम गोचिडांच्या तापाची तपासणी झाली, कारण आपल्याकडे कुत्र्याला रक्तस्राव झाला की पहिला संशय त्याचाच. तो नव्हता. उंदराचे विष चाटले असेल का, तेही पाहिले. पावसाळ्यात उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून येणारा लेप्टोचा आजार मूत्रपिंडे बिघडवतो, तोही नव्हता. खडा नव्हता, गाठ नव्हती. शेवटी दुर्बीण घालून पाहिले तेव्हा दोन मूत्रपिंडांकडून येणाऱ्या नळ्यांपैकी डाव्या नळीच्या तोंडातून रक्त झिरपताना दिसले.

"कशामुळे?" मी विचारले.

"कारण सापडत नाही. मोठ्या जातीच्या तरण्या कुत्र्यांत असं होतं म्हणतात. मी म्हटलं, ते डावं काढून टाका. तर डॉक्टर म्हणाल्या, घाई नको. एक काढल्यावर पुढे दुसरंही वाहू लागलं तर काय करणार?" मास्तरांनी वही मिटली. "भीती आहे ती गुठळ्यांची. रक्ताची गुठळी नळीत अडकली तर तुमच्यासारखंच तुंबायचं. म्हणून रोज पाहायचं, लिहायचं, रक्त कमी होऊ द्यायचं नाही."

मी त्यांच्या वहीकडे पाहिले. प्रत्येक ओळीला तारीख, वेळ आणि रंग. या गृहस्थाने आपल्या न दुखणाऱ्या कुत्रीचा महिनाभराचा हिशेब ठेवला होता. आणि मी दुखणाऱ्या कुत्र्याचे इतक्या दिवसांचे कण्हणे हद्द आखणे म्हणून जमेस धरले होते.

खडा मागे सरकला. नळीतून मूत्र वाहू लागले, तांबूस आणि पुष्कळ. आतल्या खोलीतून डॉक्टरीणबाईंचा "झालं!" असा आवाज आला तेव्हा हिने माझा दंड घट्ट धरला. लग्नाला वीस वर्षे झाल्यावर असा दंड धरला जाण्याचे प्रसंग फार येत नाहीत.

एक्स-रेत मात्र काहीच दिसेना. मला वाटले, यंत्र बिघडले. पण त्या म्हणाल्या, "दिसणार नाहीत म्हणूनच मला शंका खरी वाटते. युरेटचे खडे साध्या एक्स-रेत बहुतेक लपतात. सोनोग्राफी करू." सोनोग्राफीच्या पडद्यावर मूत्राशयाच्या तळाशी वाळूत शिंपले पडावेत तसे ते दिसले. रक्ताचे आकडे रात्रीतून खाली आले आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. एकोणीस खडे निघाले. मुगाच्या दाण्याएवढे, गोल, गुळगुळीत, हिरवट-तपकिरी. बशीत ठेवून त्यांनी ते आम्हाला दाखवले. तिकडे शहरभर लोक लक्ष्मीपुढे नाणी मांडत होते.

"याला खायला काय देता?" त्यांनी विचारले.

"दहीभात," आई अभिमानाने म्हणाली.

ही माझ्याकडे पाहू लागली. चिरंजीव छताकडे पाहू लागले. मी खाली पाहून म्हणालो, "आणि कलेजी. रोज. पाव किलो."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्यांनी समजावून सांगितले. कलेजी, गुर्दा, भेजा, सुकी मासळी यांत प्युरिन नावाचा पदार्थ भरपूर असतो. शरीरात त्याचे युरिक अ‍ॅसिड होते. इतर कुत्र्यांचे यकृत या अ‍ॅसिडचे अ‍ॅलँटॉइन नावाच्या सहज विरघळणाऱ्या द्रव्यात रूपांतर करते. डाल्मेशियनच्या यकृतातही ते करण्याची सामग्री असते. पण युरिक अ‍ॅसिडला पेशीच्या आत नेणारा हमालच नीट काम करत नाही. कारखाना चालू, माल दाराशी पडून. मूत्रपिंडही ते परत ओढून घेत नाही. सगळे मूत्रात उतरते आणि खडे धरतात. ज्या जीन्समधील बिघाडाने हे होते तो २००८ साली सापडला. शुद्ध जातीच्या डाल्मेशियनांत तो सर्रास असतो. सगळ्यांना खडे होत नाहीत, पण धोका सगळ्यांना. आणि अडण्याचा धोका नरांना.

मी विचारले, "आणि माणसांत?"

"माणसाकडे ती सामग्रीच नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून तर माणसाला गाउट होतो."

मी हळूच उजवा बूट काढला. माझा अंगठा दोन वर्षांपासून अधूनमधून टोमॅटोसारखा सुजत असे. वैद्य त्याला वातरक्त म्हणत आणि डॉक्टर गाउट. मी त्यासाठी अ‍ॅलोप्युरिनॉलची गोळी घेत होतो. डॉक्टरीणबाईंनी अंगठ्याकडे पाहिले, तिळ्याच्या कागदावर औषध लिहिले आणि कागद माझ्यापुढे केला. औषधाचे नाव तेच होते!

(वाचकांनी मात्र घरातली गोळी कुत्र्याला घालण्याचा उद्योग करू नये. प्रमाण डॉक्टरच ठरवतात. आणि गोळी चालू असताना प्युरिनचे खाणे सोडले नाही तर झँथिनचे वेगळेच खडे होतात.)

पुढे मी या जातीविषयी वाचले तेव्हा एक गोष्ट मनात रुतून बसली. या कुत्र्याचे ठिपके ठसठशीत आणि एकमेकांपासून सुटे दिसावेत म्हणून पिढ्यानपिढ्या निवड होत गेली, आणि त्या ठिपक्यांच्या बरोबरच हा दोषही जातीत पक्का झाला असावा, असा एक तर्क आहे. रॉबर्ट शायबल नावाच्या अमेरिकन अनुवंशशास्त्रज्ञाने १९७३ साली एका डाल्मेशियनचा पॉइंटर जातीच्या कुत्र्याशी संकर केला आणि मग प्रत्येक पिढीत पुन्हा डाल्मेशियनशीच जोडी लावून, दोष नसलेली पण दिसायला डाल्मेशियनच अशी कुत्री तयार केली. त्यांना आपल्या दप्तरात कायमची जागा द्यायला अमेरिकेतल्या केनेल क्लबाला २०११ साल उजाडावे लागले. का, तर शुद्ध जातीत पॉइंटरचे रक्त मिसळले म्हणून. शिवाय त्या कुत्र्यांचे ठिपके थोडे बारीक येतात अशी कुरकुर होती. हे वाचून मला हसू आले, पण फार वेळ टिकले नाही. अंगावर चमक यावी म्हणून कलेजी आणणारा मनुष्य त्या मंडळींना कोणत्या तोंडाने हसणार?

आता आमच्या घरात आईचे राज्य आहे. "मी पहिल्यापासून सांगत होते," हे वाक्य ती दिवसातून एकदा तरी म्हणते, आणि तो तिचा हक्कच आहे. पाणी पुष्कळ पोटात जायला हवे म्हणून ताकभात पातळ. सोबत अंडे किंवा पनीर, डॉक्टरांनी नेमून दिल्याप्रमाणे. दर काही महिन्यांनी मूत्राची तपासणी आणि सोनोग्राफी. दिवसातून चार वेळा खाली नेणे. मूत्र साठून राहू द्यायचे नाही. औषधाच्या दुकानात चिरंजीव "बाबांची आणि तिळ्याची" म्हणून दोन वेगवेगळ्या पट्ट्या मागतात, तेव्हा दुकानदार माझ्याकडे पाहून मान हलवतो. मावशींना त्या दिवाळीत हिने साडी दिली. मी द्यायला गेलो तर म्हणाल्या, "साडीचं राहू द्या साहेब, म्या सांगितलं की ऐकत जा."

मास्तरांशी माझा फोन चालू राहिला. त्यांच्या कुत्रीचे रक्त कधी थांबे, कधी पुन्हा येई. पण मूत्रपिंड काढण्याची पाळी आली नाही. वहीची मात्र पाळी येऊन दुसरी वही सुरू झाली. मीही एक वही केली आहे. रोज सकाळी खांबाजवळ मी वाकून तिळ्याची धार पाहतो. फिरायला येणारी मंडळी मला पाहून वाट बदलतात. कलेजीवाल्या गृहस्थांनी एकदा विचारलेच, "काय पाहता एवढं?" मी म्हणालो, "धार." ते तेव्हापासून माझ्याशी हवापाण्याखेरीज बोलत नाहीत.

तिळ्या आता थोराड झाला आहे. तोंडाशी पांढरे केस आले आहेत. पण पांढऱ्या कुत्र्याचे म्हातारपण लवकर दिसत नाही, ही एक सोय. खडे पुन्हा झाले नाहीत. मला पाहिले की तो अजून शेपटीने जिना झाडतो. कलेजी नसतानाही. म्हणजे पाव किलोचा माझा हिशेब तिथेही चुकलाच होता.

फक्त एक गोष्ट राहिली. सकाळी मी वर्तमानपत्र वाचून घडी घालायला घेतली की तो उठतो आणि टेबलाखाली जाऊन बसतो. तक्रार करत नाही, कण्हत नाही. नुसता बाजूला सरकतो. म्हणून आमच्याकडे आता पेपर वाचून झाला तरी दिवसभर खुर्चीवर उघडाच पसरलेला असतो. ही पूर्वी त्यावरून बोलत असे. हल्ली बोलत नाही.